गोळी चुकली त्या जगात

आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. पानिपतची तिसरी लढाई कोण जिंकलं?

"अहमदशाह अब्दाली!" असं तुम्ही एका दमात सांगाल. तारीखही सांगाल, १४ जानेवारी १७६१. आणि ज्यांनी इतिहासाचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, तेसुद्धा ही हार रोज बोलत असतात, बरं का! आपला क्रिकेट संघ साठ धावांत गारद झाला की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'अमक्या संघाचं पानिपत'. कुणावर भरवसा ठेवायची वेळ आली की एखादी आजी म्हणतेच, "विश्वास? तो तर पानिपतात गेला!" अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी ती लढाई आपल्या तोंडातून गेलेली नाही.

पण समजा, तुम्ही एका सकाळी पुण्याहून गाडीत बसलात, मुंबईला उतरलात, एका मोठ्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाचा जाडजूड ग्रंथ उघडलात आणि त्यात चक्क छापलेलं दिसलं, की पानिपतावर मराठे जिंकले! तर? छपाईची चूक म्हणाल? की कुणीतरी चेष्टा केली म्हणाल?

प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांच्यावर नेमकी हीच वेळ आली. आणि गंमत म्हणजे तो ग्रंथ त्यांनी स्वतःच लिहिलेला होता!

गंगाधरपंत हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक, डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेतले. ते मुंबईला निघतात ते 'जिजामाता एक्स्प्रेस'मधून. अशी गाडी आपल्याकडे नाही! वाटेत सरहद्दीवर तपासणी होते, कारण मुंबईवर अजून इंग्रजांचा झेंडा आहे. ईस्ट इंडिया कंपनी जिवंत आहे. व्ही.टी.ला उतरून ते ओळखीच्या रस्त्याने चालू लागतात, तर ओळखीची दुकानं नाहीत, त्यांच्या जागी विलायती दुकानं. मुलगा जिथे नोकरी करतो त्या कचेरीत चौकशी केली, तर अशा नावाचा माणूसच इथे नाही म्हणतात.

तुम्ही असता तर काय केलं असतं? बहुतेक रडायलाच लागला असतात. गंगाधरपंत पडले इतिहासकार. ते तडक टाउन हॉलच्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेल्या भारताच्या इतिहासाचे पाचही खंड मागवतात. पहिले चार खंड चाळतात. अशोक, समुद्रगुप्त, घोरी, औरंगजेबाचा मृत्यू... सगळं जसंच्या तसं. म्हणजे गडबड पाचव्या खंडात! मग ते काय करतात पाहा. पाचवा खंड दोन्ही टोकांकडून वाचायला घेतात. पुढून वाचत येताना 'इथपर्यंत आपला इतिहास', मागून वाचत येताना 'इथून पुढे परका इतिहास'. असं दोन्हीकडून सरकत सरकत ते नेमक्या त्या पानावर येतात, जिथे वाट फुटली. ते पान पानिपतचं.

मला विचाराल तर सगळ्या कथेत मला हाच भाग सर्वांत जास्त आवडतो. परक्या जगात हरवलेला माणूस घाबरून धावत सुटत नाही, तर पान शोधतो! गणिताच्या वहीत उत्तर चुकलं की तुम्हीही असंच करून पाहा. वरून तपासत या, खालून तपासत जा, मध्ये कुठेतरी चोर सापडतोच.

तर त्या जगात घडलं होतं एवढंच. लढाईत विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी त्यांना लागली नाही. कानाजवळून निघून गेली. बस्स! आपल्या जगात ती लागली होती. पेशवे नानासाहेबांचा हा थोरला मुलगा, जेमतेम अठरा वर्षांचा. तो पडलेला पाहून सेनापती सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. भाऊंच्या हत्तीवरची अंबारी रिकामी दिसताच सैन्याला वाटलं, भाऊही गेले. आणि फळी फुटली. कथेतल्या जगात मात्र अंबारी रिकामी झालीच नाही. मराठे जिंकले. पुढे विश्वासराव आणि त्यांचे धाकटे भाऊ माधवराव यांनी कारभार असा काही सांभाळला, की कंपनीला मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार-दोन ठिकाणांपलीकडे हातपाय पसरताच आले नाहीत. विसाव्या शतकात पेशवाईही शांतपणे बाजूला झाली आणि लोकशाही आली.

पुढे गंगाधरपंतांचं काय होतं, आझाद मैदानावर त्यांच्यावर कसला प्रसंग ओढवतो आणि ते परत येतात का, हे मी सांगणार नाही. ते कथेतच वाचायला हवं. ग्रंथपालांना कथेचं नाव सांगा, नारळीकरांच्या कथासंग्रहांत ती सापडेल. ताई-दादांना मात्र विचारून पाहा. तिचं इंग्रजी रूप 'द अॅडव्हेंचर' या नावाने अकरावीच्या 'हॉर्नबिल' या एनसीईआरटीच्या पुस्तकात अनेक वर्षं शिकवलं गेलं, त्यांनी वाचलेलं असेल.

नाव उलटं वाचा!

नारळीकर हे काही नुसते लेखक नव्हते. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. शिक्षण बनारसला आणि मग केंब्रिजला. तिथे फ्रेड हॉईल या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांबरोबर १९६४ साली त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

एवढा मोठा शास्त्रज्ञ गोष्टी लिहायला लागला कसा? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. त्यात 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आता या नावाची आद्याक्षरं उलटी वाचा पाहू. ना. वि. ज... ज. वि. ना... जयंत विष्णू नारळीकर! नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये, म्हणून ही युक्ती.

नारळीकरांचे गुरू हॉईल हेसुद्धा गोष्टी लिहायचे. १९६१ साली इंग्लंडमध्ये बीबीसीवर 'ए फॉर अँड्रोमेडा' नावाची मालिका लागली. ती हॉईल यांनी जॉन इलियट यांच्याबरोबर लिहिली होती. दुसऱ्याच वर्षी त्याच मालिकेची कादंबरी निघाली. परदेशात ही पद्धतच आहे. टीव्हीवर एखादी मालिका गाजली की तिच्यातली पात्रं, तिच्यातलं जग घेऊन कादंबऱ्या निघत राहतात. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेवर तर अशा कादंबऱ्यांचा ढीग आहे. तिच्या १९६७ सालच्या एका भागात यानाचा कप्तान चुकून दुसऱ्याच विश्वात पोचतो. तिथे चेहरे तेच, पण त्याचेच सोबती तिथे दुष्ट आणि क्रूर! हे उलटं जग वाचकांना इतकं आवडलं की त्याच्यावरही पुढे कादंबऱ्या लिहिल्या गेल्या.

अशा पुस्तकांची एक अडचण असते. मूळ मालिका पाहिलेली नसेल तर मजा अर्धी होते. सरळ जगातला कप्तान माहीत असेल, तरच उलट्या जगातला कप्तान पाहून आपण दचकतो. मग नारळीकरांनी काय केलं? त्यांनी अशी मालिका निवडली जी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. मराठ्यांचा इतिहास! विश्वासराव कोण, भाऊ कोण, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. म्हणून तर ती गोळी कानाजवळून गेली हे वाचताना आपल्या छातीत धस्स होतं.

बुरोंडीतला प्रश्न

ही कथा मी अलीकडे पुन्हा वाचली ती बुरोंडीत. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातलं हे समुद्रकाठचं गाव. खाली मच्छीमारांच्या होड्या, वर टेकडीवर परशुरामाचा उंचच उंच पुतळा. अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा असलेला! परशुरामाने बाण मारला, तो पडला तिथपर्यंत समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं, अशी आपली जुनी कथा आहे. बाण चार कोस अलीकडे पडला असता तर बुरोंडी कुठे असती, हे माशांनाच विचारावं लागलं असतं.

शेजारच्या घरातला नववीतला मुलगा माझ्याकडून पुस्तक घेऊन गेला आणि संध्याकाळी परत घेऊन आला. वाचून झालं होतं, पण चेहरा विचारात पडलेला.

"काका, एक विचारू? म्हणजे ह्या जगात मी गणितात नापास झालो, तर दुसऱ्या कुठल्या तरी जगात मी पास झालेलो असेन?"

"असशील."

"मग अभ्यास कशाला करायचा?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही हं! मोठमोठे शास्त्रज्ञ याच्यावर अजून भांडताहेत. मी त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

कॅरम खेळताना तुम्ही स्ट्रायकर मारता. किती जोरात मारला, कोणत्या कोनात मारला, हे नेमकं कळलं तर तो कुठे जाऊन थांबेल हे गणिताने सांगता येतं. बंदुकीच्या गोळीचंही तेच. न्यूटनच्या नियमांत 'कदाचित' हा शब्दच नाही. पण इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म कणांच्या राज्यात हा कायदा चालत नाही. एकाच बंदुकीतून एकेक इलेक्ट्रॉन सोडा. सगळे अगदी सारखे, सगळे एकाच पद्धतीने सोडलेले. तरी एक पडद्यावर इथे आदळेल, दुसरा तिथे, तिसरा भलतीकडेच. पुढचा कुठे आदळेल हे जगातला कुणीही सांगू शकत नाही. इथे पडण्याची शक्यता इतकी, तिथे पडण्याची इतकी, एवढंच सांगता येतं. शास्त्रज्ञ अडाणी आहेत म्हणून नव्हे. निसर्गच तसा आहे.

मग प्रश्न पडतो. इलेक्ट्रॉन इथे पडला, तर 'तिथे पडण्याची शक्यता' गेली कुठे? १९५७ साली अमेरिकेत ह्यू एव्हरेट नावाच्या सव्वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात एक विलक्षण उत्तर दिलं. तो म्हणाला, ती कुठेच गेली नाही! सगळ्या शक्यता खऱ्या ठरतात. झाडाला फांद्या फुटाव्यात तसं विश्वाला फाटे फुटतात. एका फाट्यात इलेक्ट्रॉन इथे, दुसऱ्यात तिथे. आपण एका फाट्यात असतो म्हणून आपल्याला एकच दिसतं.

तेव्हा त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. एव्हरेटने भौतिकशास्त्राचं संशोधन सोडलं आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी गणितं करायला लागला. पुढे १९७० साली ब्राइस डिविट या शास्त्रज्ञाने ही कल्पना सर्वांसमोर आणली, आणि 'अनेक विश्वं' हे शब्द भौतिकशास्त्राच्या वर्गांपासून सिनेमापर्यंत पोचले. एव्हरेट १९८२ साली गेला, जेमतेम एकावन्न वर्षांचा असताना. त्याचं म्हणणं बरोबर की चूक? काही शास्त्रज्ञ मानतात, काही अजिबात मानत नाहीत. दोघांमधला निवाडा करील असा प्रयोग अजून कुणाला जमलेला नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. एव्हरेटच्या हिशेबात एका फाट्यातून दुसऱ्या फाट्यात जायला वाट नाही. गंगाधरपंतांना ट्रकची धडक बसते आणि ते दुसऱ्या जगात पोचतात, ती लेखकाने घेतलेली सवलत आहे. गोष्ट सुरू व्हायला एवढी सवलत द्यावीच लागते. तेव्हा पास झालेला दुसरा तू असलास, तरी त्याचं प्रगतिपुस्तक घेऊन तुला इथे आईसमोर उभं राहता येणार नाही, असं मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "वाटलंच मला."

पट्टी वाकवून पाहा

पण इलेक्ट्रॉन कुठे आणि पानिपत कुठे! एक सूक्ष्म कण इकडे की तिकडे, याने लढाईचा निकाल कसा फिरेल? कथेत राजेंद्र नावाचा गंगाधरपंतांचा शास्त्रज्ञ मित्र याचंही उत्तर देतो. त्यासाठी तो रेने थॉम या फ्रेंच गणितज्ञाचा एक सिद्धांत पुढे करतो. सिद्धांत कठीण आहे, पण त्याची चव तुम्हाला कंपासपेटीतल्या पट्टीवर घेता येईल.

प्लास्टिकची लवचिक पट्टी घ्या. दोन तळहातांमध्ये तिची दोन टोकं धरा आणि हळूहळू दाबत जा. सुरुवातीला काही होत नाही. पट्टी सरळच. आणखी दाबा. अजून सरळ. आणि मग एका क्षणी ती खाडकन एका बाजूला वाकते. डावीकडे की उजवीकडे? तुमचा एक हात केसभर पुढे-मागे झाला, तेवढ्याने ते ठरतं. दाबण्याआधी तुम्ही पट्टीला फुंकर मारली असती तर तिला काहीच झालं नसतं. पण त्या नेमक्या क्षणी फुंकरसुद्धा पुरेशी होते.

राजेंद्रचं म्हणणं असं, की तुल्यबळ सैन्यं भिडलेली असतात तेव्हा लढाई अशाच ताणलेल्या पट्टीसारखी होते. मग एका गोळीने पारडं फिरतं.

इथे मला मात्र थोडं थांबावंसं वाटतं. कथा माझ्या आवडीची आहे, म्हणून तिचं सगळंच मान्य करायला हवं असं नाही. पानिपतावर त्या दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होत होती हे खरं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी शत्रूची फळी भाजून काढली होती. पण त्या सैन्याच्या पोटात काय होतं? काही नाही! अब्दालीने रसद तोडली होती. आठवडेच्या आठवडे छावणीत उपासमार चालू होती, घोडे मरत होते. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणून तर ते सैन्य त्या सकाळी बाहेर पडलं. सोबत हजारो बिनलढाऊ माणसं, बायका, यात्रेकरू. आणि अब्दालीपाशी अजून न वापरलेलं ताज्या दमाचं राखीव सैन्य. गोळी चुकली असती, तरी भूक चुकली असती का? म्हणजे पट्टी वाकायची ती बाजू आधीच ठरत आलेली होती, असंही कुणी म्हणेल. इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी या एका लढाईवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. मोठे झालात की जरूर वाचा. मग खरा फाटा १४ जानेवारीला होता की त्याच्या कितीतरी महिने आधी, हे तुमचं तुम्हीच ठरवा. आईबाबांनाही विचारा. घरोघरी यावर वाद झाले तर मला आनंदच होईल.

अशी कथा वाचून झाली की आपल्यालाही 'जर-तर' खेळायची हुक्की येते. खेळावं. पण गंगाधरपंतांसारखं खेळावं. बदल अगदी बारीक हवा, केसाएवढा. शिवाजी महाराजांना विमान मिळालं असतं तर, हा जर-तर नव्हे, ही थाप. आणि बदल केल्यावर पुढचं सगळं प्रामाणिकपणे यायला हवं, सोयीचं तेवढंच नव्हे. बुरोंडीच्या किनाऱ्यावर मी हा खेळ बराच वेळ खेळलो. या भागात फाटे पुष्कळ!

बुरोंडीहून उत्तरेला निघा. लाडघर लागतं, मग कर्दे, मुरूड आणि मग हर्णे. हर्णेसमोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा दुर्ग. १७५५ साली तो इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून जिंकून घेतला. एकट्याने नव्हे, पेशव्यांच्या मदतीने! तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. पुढच्याच वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचं आरमार जाळलं. वर्षभरात हेच दोघे बंगालमध्ये होते, आणि १७५७ साली प्लासी झालं. आता सांगा, पाचव्या खंडाचं कोणतं पान उघडायचं? पानिपतचं की सुवर्णदुर्गाचं? आंग्र्यांचं आरमार शाबूत राहिलं असतं, तर विश्वासरावांची गोळी चुको न चुको, कंपनीची जहाजं या किनाऱ्यावरून इतकी निर्धास्त गेली असती का?

दुसरा फाटा मुरूडचा. त्यात तोफ नाही, राजा नाही. आहे एक बुटका, लाजरा मुलगा. धोंडो केशव कर्वे. १८७५ साली एका सरकारी परीक्षेला बसायला हा मुलगा सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला निघाला. पायी! शंभराहून अधिक मैल, मध्ये सह्याद्री. पायांची चाळण करून घेत पोचला. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण झालेली हवीत, अशी अट होती. साहेबाने त्याच्याकडे पाहिलं आणि हा सतराचा दिसत नाही म्हणून बसूच दिलं नाही. तसाच पायी परत!

आता खेळ खेळू या. तो दोन बोटं उंच दिसला असता तर? परीक्षा पास झाला असता, कुठेतरी मास्तर होऊन रमला असता कदाचित. आपल्या जगात तो पुढे मुंबईला गेला, १८८१ साली मॅट्रिक झाला, १८८४ साली पदवीधर, मग पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक. १८९३ साली त्याने विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरूडच्या लोकांनी त्याला वाळीत टाकलं. १८९६ साली त्याने विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली मुलींसाठी विद्यापीठ. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न.

आणि एवढंच नाही. आंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावचा त्यांचा एक मामेभाऊ होता, रघुनाथ परांजपे. त्याला कर्व्यांनी शिकायला मुंबईला नेलं. तोच १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला, 'सीनियर रँग्लर' झाला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय. कर्वे कुठल्या खेड्यात मास्तर होऊन बसले असते, तर रघुनाथला मुंबई कोणी दाखवली असती? बरोबर साठ वर्षांनी, १९५९ साली, तोच मान मिळाला जयंत नारळीकरांना!

अर्थात कदाचित काहीच बदललं नसतं. साताऱ्याच्या साहेबाने बसू दिलं असतं, कर्वे पास झाले असते, आणि वर्षभराने तरी मुंबईलाच गेले असते. खाडीत मध्येच एखादं बेट आलं की पाण्याचे दोन फाटे होतात, आणि बेट संपलं की पुन्हा एक. इतिहासातही असे फाटे असणार, जे पुढे जाऊन मिळतात. कोणता मिळणारा आणि कोणता न मिळणारा, हे ओळखणं खरं अवघड.

शेवटचा फाटा वेळासचा. हर्णे, आंजर्ले, केळशी मागे टाकून बाणकोटच्या खाडीपाशी गेलात की वेळास लागतं. हल्ली तुम्ही ते कासवांच्या पिल्लांसाठी ऐकलं असेल. पण हे गाव भानू घराण्याचं. या घराण्यातला बाळाजी जनार्दन हा मुलगा १७४२ साली जन्मला. विश्वासरावांचा जन्मही त्याच सालचा. दोघं पानिपतावर होते. विश्वासरावांना गोळी लागली. बाळाजी त्या पळापळीतून कसाबसा जीव घेऊन निसटला. त्याची आई मात्र तिथेच कायमची दुरावली. पुढे त्याने स्वतःची हकिगत लिहून ठेवली आहे. हाच मुलगा म्हणजे नाना फडणवीस, ज्यांनी १८०० सालापर्यंत पुण्याचा कारभार पेलला आणि इंग्रजांना थोपवून धरलं.

आता गोळी केसभर सरकवा. विश्वासराव वाचले. लढाई आणखी तासभर चालली, दुसऱ्या कुठल्या तरी गोळ्या दुसऱ्या कुठल्या तरी दिशांना सुटल्या. त्या जगात वेळासच्या बाळाजीचं काय झालं? पाचव्या खंडातलं ते पान गंगाधरपंतांनी वाचलेलं नाही. वही घ्या आणि तुम्ही लिहा.